रेशमाआडचा नटराज

नटराजाची मूर्ती मागून बघावी. समोरून ती आपल्या इतकी ओळखीची झालेली असते की डोळे नुसते तिच्यावरून फिरतात. नृत्यवर्गाच्या पाटीवर, कार्यालयाच्या दारात, कुणाच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी, सगळीकडे तोच उचललेला पाय आणि तेच ज्वाळांचं वर्तुळ. मागची बाजू मात्र कुणी कधी छापत नाही. म्हणून कुठल्याही संग्रहालयात नटराज असला की मी आधी त्याच्या मागे जाता येतंय का ते बघते. बऱ्याच ठिकाणी मूर्ती भिंतीला लावून ठेवलेली असते आणि मग फार चुटपुट लागते.

तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात चोळ काळातली अशी पाठ मला मनसोक्त बघायला मिळाली. मणक्याची पन्हळ मानेखालून निघते आणि कमरेशी येता येता किंचित वळते, कारण सगळा भार उजव्या पायावर आलेला आहे. मागचे दोन हात खांद्यातून जिथे फुटतात तिथे कुठेही जोडल्यासारखं वाटत नाही. माणसाला चार हात असते तर खांदा असाच भरला असता, असं वाटावं इतकी ती जागा पटते. कमरेच्या वस्त्राची गाठ मागे आहे, तिचं एक टोक सुटून मांडीवर आलंय. उजव्या पोटरीत ताण आहे आणि टाच घट्ट रुतलेली. डोक्यामागे एक छोटं चक्र, त्याच्या खालून जटांच्या बटा मानेवर उतरलेल्या. एकेक बट वेगळी काढलेली आहे.

हे सगळं बघताना एक प्रश्न पडतो आणि तो काही केल्या जात नाही. ही पाठ कोण बघणार होतं?

कारण या मूर्ती उघड्या बघण्यासाठी घडवलेल्याच नाहीत. त्या उत्सवमूर्ती. गाभाऱ्यातलं दगडी लिंग जागचं हलत नाही. देव लोकांकडे जायचा तर धातूची मूर्ती लागते. आपल्याकडे सोमवती अमावास्येला जेजुरीची पालखी कऱ्हेवर जाते, खंडोबा गड उतरून नदीला येतो, तसाच कावेरीकाठचा शिव सणाच्या दिवशी रस्त्यावर येतो. मूर्तींच्या पीठाकडे नीट पाहिलं तर बाजूला कड्या किंवा भोकं दिसतात. त्यांतून दांडे आणि दोर घालून मूर्ती बांधायची आणि खांद्यावर घ्यायची. आणि निघण्याआधी अभिषेक, मग रेशमी वस्त्र, दागिने, हारांवर हार. मिरवणुकीत दिसतो तो चेहरा, फार तर एखादा तळहात आणि उचललेला पाय. बाकी सगळा देह रेशमाआड. पाठ तर नाहीच.

म्हणजे ज्या मूर्तिकाराने ती कमरेची गाठ इतक्या निगुतीने वळवली, त्याला पक्कं ठाऊक होतं की तिच्यावर खरी गाठ बसणार आहे. कंठ्यातले मणी एकेक करून घडवले, त्यांच्यावर सोन्याचा कंठा चढणार होता. पुजारी अभिषेक करताना बघेल, वस्त्र नेसवताना त्याच्या बोटांना ते मणी लागतील. बस, एवढेच साक्षीदार. मला या गोष्टीने जेवढं भारावून टाकलंय तेवढं नटराजाविषयी वाचलेल्या कुठल्याच तत्त्वज्ञानाने नाही.

तंजावरला हे जास्त जाणवतं, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच गावात आहेत: मूर्ती ज्या जगासाठी घडल्या ते बृहदीश्वराचं देऊळ आणि मूर्ती आज जिथे उभ्या आहेत तो राजवाडा. राजवाडा आधी तिथल्या नायक राजांचा आणि नंतर आपल्या भोसल्यांचा. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमाराला तिथे राज्य स्थापन केलं आणि ते १८५५पर्यंत टिकलं. १९५१ साली त्याच वाड्यात कलादालन सुरू झालं. नायकांच्या दरबाराच्या दालनात दुसऱ्या सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. मराठी माणसाला तिथे थोडं घरी आल्यासारखं होतं. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर तर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत वाचायला मिळतो.

त्याच देवळाच्या भिंतींवर त्याच्या आधी आठशे वर्षं कोरलेले तमिळ लेख मला त्याहूनही मोलाचे वाटतात. पहिल्या राजराज चोळाने १०१० साली हे देऊळ पूर्ण केलं. राजाने, त्याची बहीण कुंदवैने, राण्यांनी, अधिकाऱ्यांनी देवळाला धातूच्या साठाहून अधिक मूर्ती दिल्या, आणि प्रत्येकीची नोंद दगडावर आहे. उंची किती हात, किती अंगुळं, हात किती, पीठ कसं, आणि अंगावरचा प्रत्येक दागिना किती वजनाचा, त्यात मोती किती. नटराजाचं तिथलं नाव आडवल्लान, नाचण्यात निपुण असलेला. देवळातलं सोनं ज्या वजनाने तोलायचं त्या वजनालाही हेच नाव होतं. नाचणाऱ्या देवाच्या नावाने तराजूचं वजन! त्या नोंदी वाचताना मूर्ती आणि दागिना वेगळे काढताच येत नाहीत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सजलेलाच देव होता.

आणि तो एकटा नाचत नव्हता. राजराजाने ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणून या देवळाभोवती वसवल्या. त्यांची नावं, त्या कुठल्या गावच्या, कुठल्या आळीत कितव्या घरात राहायच्या, प्रत्येकीला वर्षाला किती धान्य, सगळं भिंतीवर लिहिलेलं आहे. राजाच्या कर्तृत्वाचे लेख भारतभर सापडतात. नाचणाऱ्या बायकांचा पत्ता दगडावर कोरलेला आणखी किती ठिकाणी असेल? देवळाच्या आत, वरच्या मजल्यावरच्या प्रदक्षिणामार्गात नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्यातल्या हालचालींपैकी, ८१ करणं शिल्पात आहेत, नाचणारा स्वतः शिव. पुढचे दगड बसवलेले आहेत पण कोरलेले नाहीत, तसेच कोरे राहिलेत.

नटराजाचं हे आज सर्वांना माहीत असलेलं रूप धातूत स्थिर होण्यामागे एका बाईचा मोठा वाटा आहे. सेंबियन महादेवी, गंडरादित्य चोळाची राणी, राजराजाच्या आजीच्या नात्यातली. दहाव्या शतकात ती अगदी तरुणपणी विधवा झाली आणि पुढची कित्येक दशकं तिने कावेरीच्या खोऱ्यातली विटांची जुनी देवळं दगडात बांधून घेतली, मूर्ती दिल्या. तिने बांधवलेल्या देवळांच्या बाहेरच्या कोनाड्यांत नटराज ठळक जागी दिसू लागतो. त्यानंतर तो चोळांचा देवच होऊन जातो.

आपल्या दख्खनचा नाचणारा शिव निराळा. बदामीच्या पहिल्या लेण्याबाहेर सहाव्या शतकातला अठरा हातांचा शिव आहे. हातांचा नुसता पंखा उघडल्यासारखा. घारापुरीला आहे त्याचे हात आणि पाय फोडलेले आहेत, तरी धडाचा डौल लपत नाही. वेरूळला तर तो लेण्यालेण्यांतून भेटतो. पण या सगळ्यांच्या पाठीशी डोंगर आहे. दगड कोरताना देहाला कुठेतरी भिंत सोडून चालत नाही. पाय कमरेपर्यंत उचलून शरीरावरून आडवा पलीकडे न्यायचा, चारही हात हवेत मोकळे ठेवायचे आणि सगळा तोल एका पावलावर, तेही खाली पडलेल्या अपस्मार नावाच्या बुटक्या असुराच्या पाठीवर: हे दगडाला जमणारं नाही. दगड मांडीशीच तडकेल. धातूला जमतं. तेसुद्धा युक्तीने. बाजूंना पसरलेल्या जटा आणि उडणाऱ्या शेल्याचं टोक अनेक मूर्तींत भोवतालच्या ज्वाळांच्या वर्तुळाला जाऊन टेकतं. नाचाचा वेग दाखवणाऱ्या याच गोष्टी वर्तुळालाही आधार देतात. मी एका जटेचं टोक शोधत शोधत प्रभावळीपर्यंत गेले तेव्हा हे लक्षात आलं. मग बाकीची टोकं शोधण्यात किती वेळ गेला ते कळलंच नाही.

घडवण्याची रीत मेणाची. मधमाश्यांच्या मेणात राळ आणि तेल मिसळून मळायचं, त्यातून मूर्ती घडवायची, अगदी नखापर्यंत. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला स्थपतींची, म्हणजे परंपरागत मूर्तिकारांची घराणी आजही याच रीतीने काम करतात. माप घ्यायला नारळाच्या झापाची पट्टी. मूर्तीच्या उंचीएवढी कापायची, घड्या घालून तिचे भाग पाडायचे, आणि त्या भागांवरून चेहरा, छाती, मांडी, पाऊल ठरवायचं. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचा पहिला लेप. हा लेप सगळ्यात महत्त्वाचा, कारण मेणावरची रेघन् रेघ त्याने उचलायला हवी. त्यावर जाड मातीचे थर, तारांनी बांधणी, वाळवण. मग गोवऱ्यांच्या आचेवर साचा तापवला की मेण वितळून निघून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. साचा जमिनीत पुरायचा आणि धातूचा रस ओतायचा. थंड झाल्यावर साचा फोडायचा. त्यामुळे त्या मूर्तीची दुसरी प्रत निघत नाही.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लासात ही रीत लिहून ठेवली आहे. मेण आधी तोलून घ्यावं म्हणजे धातू किती लागेल ते कळतं: चांदी असेल तर मेणाच्या बारापट, सोनं असेल तर सोळापट. किती साधं आणि नेमकं! तांब्याचं प्रमाण आठ-दहापट पडतं. चोळांच्या मूर्ती भरीव आहेत, आतून पोकळ नाहीत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या नटराजाला किती धातू लागला असेल याचा अंदाज करावा. आणि कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात तांब्याची खाण नाही. सगळं तांबं बाहेरून आणायचं, व्यापार करून किंवा लढाया मारून. भाताच्या त्या हिरव्या खोऱ्यात पिकत नसलेल्या धातूचे इतके देव व्हावेत यात त्या राज्याची सगळी श्रीमंती आणि सगळी भक्ती आली.

जाणकार म्हणतात की चोळांच्या काळात बहुतेक नक्षीकाम मेणातच पुरं होत असे, ओतल्यावर छिन्नी फारशी चालवत नसत. मूर्तीजवळ गेलं की ते पटतं. दागिन्यांच्या कडा कापलेल्या वाटत नाहीत, बोटाने दाबून गोल केल्यासारख्या मऊ आहेत. दंडावरच्या नागाची शेपटी त्वचेला टेकते तिथे सूक्ष्म फट आहे. उजव्या कानात पुरुषाचं मकरकुंडल आणि डाव्या कानात बाईचं गोल कर्णभूषण, हे तर लांबूनही दिसतं. पण डाव्या कानाची पाळी त्या भाराने किंचित जास्त ओघळलेली दाखवली आहे का, हे मी फार वेळ बघत राहिले आणि मला तशी ती वाटली.

नटराज म्हटलं की आजकाल लगेच विश्व, ऊर्जा, अणूंचं नृत्य सुरू होतं. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नृत्याचा जो अर्थ जगाला सांगितला तो थोरच आहे, आणि २००४ साली भारताने जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेला नटराज भेट दिला त्याचाही मला आनंदच आहे. पण त्या अर्थाच्या ओझ्याखाली मूर्ती दिसेनाशी होते अशी माझी तक्रार आहे. डमरू म्हणजे सृष्टी, अग्नी म्हणजे संहार, हे पाठ म्हणून दाखवणारा माणूस पुष्कळदा घोटा बघत नाही. फ्रेंच शिल्पकार रोदँने मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाची नुसती छायाचित्रं बघून त्यावर लिहिलं, ते १९२१ साली छापलं गेलं. त्याला ना नटराजाचं मुख्य देऊळ असलेलं चिदंबरम माहीत होतं ना शैव सिद्धान्त. तो देहच बघत होता, वळण बघत होता, प्रकाश कुठे थांबतो ते बघत होता. मूर्तिकाराने जे झाकलं जाणार म्हणून घडवलं ते नऊशे वर्षांनी दुसऱ्या मूर्तिकाराला दिसलं. संग्रहालयाने केलेलं हे काम छोटं नाही.

आणि तरी तिथे काहीतरी चुकतं. काचेपाशी एक वयस्क बाई आल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले, आणि मग खालची पाटी न वाचता पुढच्या मूर्तीकडे गेल्या. त्यांचं बघणं माझ्या बघण्याहून जुनं होतं, आणि मूर्ती त्यांच्यासाठीच घडलेली होती. पण त्यांनी पाठ पाहिली नाही. मी पाहिली, आणि मला हात जोडायचं सुचलं नाही. दोघींपैकी कुणाचं बघणं पुरं होतं, ते मला सांगता येत नाही.

यातल्या बऱ्याच मूर्ती मधली शतकं जमिनीखाली होत्या. चौदाव्या शतकात दक्षिणेवर स्वाऱ्या आल्या तेव्हा पुजाऱ्यांनी देवळाच्या आवारात खड्डे करून, वाळूत नीट निजवून देव पुरून ठेवले. ज्यांना जागा ठाऊक होती ती माणसं गेली. पुढे कुणी विहीर खणताना, कुणी पाया खणताना देव वर आले. सतत पूजेत राहिलेल्या मूर्तींचे नाकडोळे दूध, चंदन आणि हातांनी घासून पुसट झालेले असतात. पुरलेल्या मूर्तींवर हिरवी झाक चढते, पण भुवईची रेघ कोरी राहते.

१९७६ साली तमिळनाडूतल्या पत्तूर गावात असाच एक नटराज सापडला. तो चोरवाटेने लंडनला पोहोचला, कॅनडातल्या एका कंपनीने १९८२ साली विकत घेतला, आणि साफसफाईसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी ताब्यात घेतला. मग खटला. दावा लावणाऱ्यांत भारत सरकार, तमिळनाडू सरकार आणि खुद्द ते पडकं देऊळ होतं. मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या वारुळाच्या खुणासुद्धा पुराव्यात आल्या. १९८८ला निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ला अपिलातही तो टिकला आणि नटराज भारतात परतला. इंग्लंडच्या न्यायालयात तमिळ खेड्यातलं एक मोडकळीला आलेलं देऊळ आपला देव मागायला उभं राहिलं आणि जिंकलं, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. तमिळनाडूतल्याच श्रीपुरंदानचा नटराज तर ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे पन्नास लाख डॉलर मोजून घेतला होता. चोरीचा माल निघाला, २०१४ साली परत आला. अशा मूर्तींची ओळख पटवायला पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५०च्या दशकापासून देवळादेवळांत जाऊन काढलेली छायाचित्रं फार कामी आली आहेत.

परत आलेले देव जातात कुठे? पुष्कळदा आपल्या देवळात नाही. देवळाला दार धड नसतं, राखण नसते, पुजारी दिवसातून एकदा येऊन जातो. म्हणून तमिळनाडू सरकारने तिरुवारूरसारख्या ठिकाणी मूर्ती ठेवण्याची सुरक्षित केंद्रं केली आहेत. तिथे गावोगावचे देव कुलपात, रांगेने ठेवलेले असतात. तिथे भक्तांची ये-जा नाही आणि पाहुण्यांचीही नाही. पाठ बघायला कुणी नाही, रेशीम नेसवायलाही कुणी नाही. संग्रहालयाविषयी माझी कितीही कुरकुर असली तरी या खोल्यांपेक्षा ते शंभर पटींनी बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि संग्रहालयाहून देऊळ बरं, जर गाव ते सांभाळायला तयार असेल आणि सरकारने राखणीचा खर्च उचलला तर. चोरांच्या भीतीने देव कायमचा कोंडून ठेवायचा यात चोरांचंच राज्य झालं.

एक वाट मात्र उघडी आहे. सणाला काही गावं अर्ज करून, कागदांवर सह्या करून आपला देव त्या केंद्रातून देवळात आणतात. अभिषेक होतो, वस्त्र नेसवतात, हार चढतात, पीठाच्या कड्यांतून पुन्हा दोर जातात आणि देव गल्लीगल्लीतून हिंडतो. उत्सव आटोपला की यादीशी ताडून मूर्ती परत जमा करायची. चिदंबरमला तर मुख्य नटराजच वर्षातून दोनदा, आनी आणि मार्गळी या तमिळ महिन्यांत, सभेतून उठून रथात बसतो. वाळ्याच्या मुळांची माळ त्याच्या उचललेल्या पावलाला अडकवलेली असते, आणि रथाच्या दोराला हात लावायला हजारो लोक पहाटेपासून रस्त्यावर उभे असतात. पत्तूरसारख्या गावांना एवढं मोठं काही नको आहे. त्यांना वर्षाच्या एका दिवसाऐवजी पंधरा दिवस मिळाले, आणि सोबत दाराला चांगलं कुलूप आणि पगारी राखणदार मिळाला, तरी पुष्कळ होईल.